पाहुण्यांसाठी झणझणीत चीज डिप: मिरची आधी, चीज सगळ्यात शेवटी

दारावरची बेल वाजली तेव्हा माझ्या पातेल्यात खाली रबराचा गोळा होता आणि वर पिवळं तेल तरंगत होतं. सोसायटीतली दहा माणसं जेवणाआधी काहीतरी तोंडात टाकायला म्हणून येणार होती. मी हौसेनं महागाचं चेडर आणून, दुधात घालून, मोठ्या आचेवर रटरटा उकळलं होतं. डाव घातला तर चीज सगळं एकगठ्ठा वर आलं आणि दूध बिचारं खालीच राहिलं. त्या संध्याकाळी पाहुण्यांनी भेळ खाल्ली.

त्यानंतर हे डिप इतक्या वेळा केलंय की आता मोजमाप हाताला कळतं. बिघडलं ते दर वेळी दोनच कारणांनी: एकतर आच जास्त झाली, नाहीतर चीज फार लवकर पडलं. म्हणून पुढे मी बरंच काही सांगणार असले तरी मुद्दा तेवढाच आहे. मिरची आधी नीट भाजा-परता, आणि चीज सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून घाला.

अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये या डिपला नुसतं 'केसो' म्हणतात, त्याचं पूर्ण नाव 'चिले कॉन केसो'. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'चीज घातलेली मिरची'. नावात मिरची पुढे आहे, चीज मागे. आपल्याकडे हे डिप करताना नेमकं उलटं होतं. चीजचा सॉस करायचा आणि वरून चिली फ्लेक्स भुरभुरायचे, झालं तिखट! अशा डिपला तिखटपणा असतो, पण मिरचीची चव नसते.

चीज कुठलं घ्यायचं

इथे थोडं थांबते, कारण निम्मं यश दुकानातच ठरतं.

चीज म्हणजे केसीन नावाच्या दुधातल्या प्रथिनाची जाळी. त्या जाळीत स्निग्धांश आणि पाणी अडकलेलं असतं, आणि जाळीचे धागे एकमेकांना धरून ठेवायचं काम कॅल्शियम करतं. चीज हळू तापवलं तर जाळी सैल होते आणि सगळं मऊ वाहतं. जोरात तापवलं तर तीच जाळी आखडते, ओला पंचा पिळावा तसं पाणी आणि तूप बाहेर टाकते, आणि मागे चिवट गोळा उरतो. माझ्या पातेल्यात झालं होतं ते हेच.

१९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वाल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर या दोघांनी यावर तोड काढली. चीज वितळवताना त्यांनी त्यात सोडियम सायट्रेट घातलं. हा क्षार जाळीतलं कॅल्शियम ओढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम देतो. धागे सुटे होतात, आणि सुटे झालेले धागे तुपाला आणि पाण्याला एकत्र धरून ठेवतात. प्रोसेस्ड चीजचा जन्म असा झाला. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. टेक्ससमधल्या घराघरांत केसोसाठी वेलवीटा नावाची जी पिवळीधमक वडी वापरतात, ती याच कुळातली.

म्हणजे आपल्या फ्रीजमध्ये जे चौकोनी क्यूब पडलेले असतात, ज्यांना खवय्ये मंडळी नाक मुरडतात, ते डिपसाठी उत्तमच. वेष्टणाच्या मागे 'इमल्सिफायर' म्हणून ३३१ किंवा ३३९ असा आकडा दिसला की समजायचं, काम सोपं झालं. ३३१ म्हणजे सोडियम सायट्रेट, ३३९ म्हणजे सोडियम फॉस्फेट.

नुसत्या प्रोसेस्ड चीजचं डिप मऊ होतं खरं, पण चवीला जरा बाळबोध लागतं. म्हणून मी दोन्ही घेते. अडीच भाग प्रोसेस्ड, एक भाग चेडर. प्रोसेस्ड चीज स्वतः तर वितळतंच, वर त्याच्यातले क्षार चेडरलाही सांभाळून घेतात. एका समजूतदार जावेनं दुसरीला घेऊन चालावं तसं.

मोझरेला नको, त्याच्या तारा सुटतात आणि पाहुणा डिप आणि तोंड यांच्यामध्ये अडकून बसतो. पनीर तर अजिबातच नको. ते आम्लानं फाडलेलं असतं, कितीही तापवा, वितळत नाही. पाकिटातलं तयार किसलेलं चीजही टाळा. किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च चोळलेला असतो आणि डिप पिठूळ लागतं.

पाहुणे शाकाहारी असतील तर चेडरच्या वेष्टणावरचा ठिपका बघून घ्या. बाहेरून येणारी काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजलेली असतात. इटलीतलं अस्सल पार्मिजानो रेज्जानो तर नेहमीच तसं असतं. हिरवा ठिपका असला की प्रश्न मिटला.

साहित्य, दहा जणांसाठी

जेवणाआधीचं खाणं म्हणून हे प्रमाण आहे. डिप साधारण पाऊण किलोच्या पुढेमागे होतं.

- प्रोसेस्ड चीज २५० ग्रॅम (२५ ग्रॅमचे १० क्यूब)
- चेडर १०० ग्रॅम
- साय न काढलेलं दूध ४०० मिली
- लोणी २० ग्रॅम
- मैदा २ सपाट टेबलस्पून, म्हणजे साधारण १५ ग्रॅम
- भावनगरी मिरच्या ३ मोठ्या
- ठेच्याला घेतो त्या तिखट हिरव्या मिरच्या ३ ते ४
- लसूण ६ पाकळ्या
- कांदा १ लहान, टोमॅटो १ मध्यम
- जिरं अर्धा छोटा चमचा, भाजून भरड कुटलेलं
- कोथिंबिरीच्या काड्या, अगदी बारीक चिरून, मूठभर
- फोडणीसाठी १ टेबलस्पून तेल, १ छोटा चमचा ब्याडगी मिरचीचं तिखट

मीठ यादीत नाही, ते विसरून नाही. चीज खारट, लोणी बहुधा खारट, आणि ज्यात बुडवून खाणार ते चिप्सही खारट. मीठ शेवटी चव बघून, आणि बहुतेक वेळा लागतच नाही.

जैन पाहुणे असतील तर कांदा-लसूण सरळ गाळा आणि भावनगरी मिरची एक जास्त घ्या. लसणाऐवजी हिंगाची चिमूट फोडणीत चालते.

आदल्या दिवशी किंवा सकाळी: मिरची

भावनगरी मिरच्या पुसून घ्या आणि थेट गॅसच्या ज्योतीवर चिमट्यानं फिरवत भाजा. वांग्याचं भरीत करताना भाजतो तशाच. साल सगळीकडून काळी पडून फुगली पाहिजे, नुसते डाग पडून भागत नाही. काळ्या झाल्या की वाटीत टाकून वर झाकणी ठेवा आणि दहा मिनिटं विसरा. आतल्या वाफेनं साल सुटते. मग बोटांनी ओढून काढा, देठ आणि बिया काढून टाका. इथे एक मोह आवरायचा: नळाखाली धरायचं नाही. चार काळे कण राहिले तर राहू देत. पाण्याबरोबर जो धुराचा वास वाहून जातो, त्यासाठीच तर हा खटाटोप.

तिखट मिरच्या आणि लसूण तव्यावर थेंबभर तेलात, वरून वाटीच्या बुडानं दाबत भाजा. मिरचीला पांढरट फोड आले आणि लसणाला तांबूस डाग पडले की उतरवा. खलबत्त्यात ठेच्यासारखं कुटा, मिक्सरमध्ये गंध करू नका. भावनगरी मात्र सुरीनं बारीक चिरायची, कारण तिचे तुकडे दाताखाली यायला हवेत.

तिखटाचा अंदाज कसा घ्यायचा? मिरचीचा जाळ ज्या कॅप्सेसिनमुळे होतो ते पाण्यात विरघळत नाही, तुपात-तेलात विरघळतं. शिवाय केसीन त्याला जिभेवरून उचलून नेतं. तिखट लागल्यावर पाण्यानं काही होत नाही, दही-ताकानं बरं वाटतं, ते त्यामुळेच. आता या डिपमध्ये तर तूप आणि केसीन दोन्ही भरपूर. म्हणजे चीजमध्ये तिखट मरतं. नुसता ठेचा चाखून 'बाप रे' वाटला तर तो डिपमध्ये बेताचा लागेल. पहिल्यांदा करताना चार मिरच्यांना घाबरू नका.

टोमॅटोच्या बिया आणि आतला रस काढून टाका, फक्त गर चिरा. टोमॅटोचं पाणी आंबट असतं आणि आंबट पाणी आणि दूध यांचं जमत नाही, हे कोणाला सांगायला नको. कढईत चमचाभर तेलावर कांदा गुलाबीसर परता, टोमॅटो घाला, आणि कढईच्या बुडाला पाणी दिसेनासं होईपर्यंत परतत राहा. उलथनं फिरवल्यावर मागे कोरडी वाट उरली की झालं. त्यात कुटलेला ठेचा, चिरलेली भावनगरी आणि जिरं घालून मिनिटभर परता. हा मसाला फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो.

चीजही आधीच किसून ठेवता येतं. किसण्याआधी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे प्रोसेस्ड चीज किसणीला लोळागोळा होऊन चिकटत नाही. पण किस वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. गार चीज गरम सॉसमध्ये पडलं की सॉस थंड होतो, मग आपण पुन्हा गॅस पेटवतो, आणि तिथेच घात होतो.

प्रत्यक्ष कृती

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, सगळ्यात लहान बर्नरवर ठेवा. दूध वेगळ्या भांड्यात कोमट करून ठेवा.

लोणी मंद आचेवर वितळू द्या. फेस बसला की मैदा घालून लाकडी उलथन्यानं दोन मिनिटं परता. रंग बदलायचा नाही. कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास यायला लागला की पुरे. आता कोमट दूध थोडं घाला, साधारण अर्धी वाटी. क्षणात घट्ट गोळा होईल, दचकू नका, तो फेटून सैल करा. मग आणखी अर्धी वाटी. पुन्हा फेटा. गोळा मोडला की उरलेलं दूध एका धारेनं ओतलं तरी गुठळ्या होत नाहीत. तरीही झाल्याच तर पुरणयंत्राची बारीक जाळी किंवा चहाची मोठी गाळणी घरात असतेच.

सतत ढवळत, बूड खरवडत, उकळी येऊ द्या. सॉसला एक उकळी हवीच, त्याशिवाय मैदा शिजत नाही. दोन-तीन मिनिटं बारीक बुडबुडे येऊ देत. सॉस पातळसर आमटीइतका दाट झाला की थांबायचं. इथे हमखास वाटतं की हे फारच पातळ आहे, आणखी मैदा घालू या. नका घालू. साडेतीनशे ग्रॅम चीज अजून पडायचंय.

मिरची-टोमॅटोचा मसाला यात घाला, एकदा ढवळा. मैद्यानं दुधाला बांधून ठेवलेलं असतं, त्यामुळे या टप्प्यावर कोरडा केलेला टोमॅटो दूध फाडत नाही. गॅस बंद करा. पातेलं बर्नरवरून खाली उतरवा. बंद बर्नरची लोखंडी जाळीही चांगली तापलेली असते.

आता दोन मिनिटं काहीही करायचं नाही. हे सगळ्यात अवघड.

मग चीज मुठीमुठीनं. एक मूठ घाला, हळू ढवळा, पूर्ण विरघळू द्या, मग दुसरी. आधी प्रोसेस्ड, सगळं संपल्यावर चेडर. पाच-सहा मुठींत संपतं. जोरजोरात फेटू नका, इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखं फिरवा. पहिल्या मुठीला सॉस ढगाळ दिसतो, तिसऱ्या मुठीला त्याला एक तुकतुकी येते, आणि शेवटी उलथनं उचललं की फितीसारखी धार खाली पडून क्षणभर वर दिसते आणि मग बुडते. ती फीत दिसायला हवी. उलथन्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली आणि रेघेच्या कडा जागच्या जागी राहिल्या, तर डिप बरोबर जमलंय.

शेवटी शेवटी चीज वितळेनासं झालं तर पातेलं परत गॅसवर ठेवू नका. परातीत कडक गरम पाणी घ्या आणि त्यात पातेलं बसवा. दोन मिनिटांत काम होतं.

कोथिंबिरीच्या काड्या घाला. पानं नकोत, ती गरम डिपमध्ये शेवाळासारखी होतात. चव बघा. पण डाव चाटून नाही, ज्याच्याबरोबर वाढणार त्याच्या तुकड्यावर घेऊन. खारट चिप्सबरोबर बरोबर लागणारं डिप उकडलेल्या बटाट्याबरोबर अळणी लागू शकतं. लिंबू पिळायची हौस असेल तर पातेल्यात नको, लिंबाच्या फोडी बाजूला ठेवा.

वरची फोडणी

ही माझी भर आहे, टेक्ससच्या माणसानं कदाचित भुवया उंचावल्या असत्या. एक टेबलस्पून तेल तापवा, गॅस बंद करा, दहापर्यंत मोजा, मग ब्याडगीचं तिखट घाला. लगेच घातलंत तर तिखट जळून काळं आणि कडू होतं. ब्याडगी ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली मिरची, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. तिचा लाल रंग तेलातच उतरतो, म्हणून नुसतं तिखट भुरभुरण्यात अर्थ नाही. हे लाल तेल वाढताना वरून ओता आणि चमच्याच्या टोकानं एक वळसा द्या. मोहरी घालू नका. मऊ डिपमध्ये दाताखाली मोहरी आली की खाणारा चपापतो, खडा लागला की काय म्हणून.

घरात लहान मुलं असतील तर मसाला घालण्याआधीच थोडा पांढरा सॉस बाजूला काढून त्यात दोन क्यूब विरघळवा. नाहीतर सगळ्यांसाठीच मिळमिळीत करायची वेळ येते, आणि मग ते डिप कोणाचंच राहत नाही.

पाहुणे साताला म्हणाले आणि पावणेआठला आले

हे गृहीतच धरायचं. मी मसाला घातलेला सॉस तयार करून, झाकून ठेवते. चीज किसून ताटलीत. मंडळी येऊन, चपला काढून, पाणी पिऊन, पार्किंग कसं मिळालं नाही ते सांगून होईपर्यंत सॉस मंद आचेवर पुन्हा गरम करायचा, गॅस बंद करायचा, चीज घालायचं. सात-आठ मिनिटांचं काम. घट्ट झाला असेल तर चीजच्या आधी दोन-तीन चमचे दूध.

तयार डिप गरम ठेवायला आपला रोजचा पोळ्यांचा कॅसरोल सर्वांत चांगला. त्यात आधी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, पाणी फेकून पुसा आणि मग डिप भरा. अर्धा-पाऊण तास नीट टिकतं. त्याहून जास्त वेळ मैफल चालणार असेल तर निम्मं डिप आत पातेल्यातच, गरम पाण्याच्या परातीत राहू द्या आणि नंतर काढा. वर साय धरू नये म्हणून डिपच्या पृष्ठभागाला टेकेल असा बटर पेपरचा तुकडा ठेवायचा.

दुधाचा पदार्थ आहे, तेव्हा गार झालेलं डिप टेबलावर दोन तासांच्या वर ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये तर तासाभरातच आत उचला.

उष्ट्याचं काय?

डिपची मूळ कल्पना अशी की मधे एक भांडं आणि सगळ्यांनी त्यातच बुडवायचं. आपल्या घरांत ती पटकन पचत नाही. माझ्या आत्यानं एकदा भांड्याकडे बघून शांतपणे विचारलं होतं, "यात सगळे हात घालणार?" आणि मग शेवटपर्यंत नुसते गाजराचे तुकडे खाल्ले. एकदा चावलेला तुकडा पुन्हा बुडवणारा एक तरी नग प्रत्येक घोळक्यात असतोच, त्यामुळे आत्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. मधल्या भांड्यात छोटा डाव ठेवते आणि शेजारी चटणीच्या लहान वाट्यांची चळत. ज्यानं त्यानं आपल्या वाटीत घ्यावं. दुसरं, बुडवायचा प्रत्येक तुकडा एका घासाचा कापते, म्हणजे चावून परत बुडवायचा प्रसंगच नको. आणि तिसरं, ज्येष्ठ मंडळींच्या वाट्या आधीच भरून त्यांच्या हातात देते. वाटी हातात आली की आत्याही दोनदा घेते.

बरोबर काय द्यायचं

मक्याचे नाचोज तर आहेतच. नाचोजचा जन्म १९४३ सालचा, मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावातला. इग्नासिओ अनाया नावाच्या गृहस्थांनी हाताशी होतं त्यातून तळलेले तुकडे, चीज आणि मिरची असं काहीतरी जुळवून पाहुण्यांपुढे ठेवलं. इग्नासिओचं लाडकं नाव 'नाचो'.

पण माझं मत विचाराल तर सोलापूरची कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ आणि खणखणीत. तिचे तुकडे डिपमध्ये मोडत नाहीत, खारट नसतात, आणि ज्वारीची भाजकी चव या धुरकट मिरचीला फार शोभते. दहा जणांना पाच-सहा भाकऱ्या पुरतात. त्याखालोखाल लहान बटाटे: सालासकट उकडून, अर्धे कापून, तव्यावर कापलेल्या बाजूनं खरपूस करून. एरवी बटाट्याकडे न बघणारेही हे संपवतात.

पावाचे तुकडे भाजून, गाजर, काकडी, मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढलेला फ्लॉवर, हे चालतं. भाज्या मात्र कापडावर कोरड्या करून द्या, नाहीतर डिप पाणचट होतं. चकली नको. चकलीला तिची स्वतःची भाजणी आहे, तीळ आहेत, ओवा आहे. तिला चीजमध्ये बुडवणं हा दोघांवरही अन्याय.

बिघडलंच तर

रवाळ झालं: ताबडतोब आचेवरून काढा, दोन चमचे गार दूध घाला, एक प्रोसेस्ड क्यूब किसून टाका आणि हँड ब्लेंडर फिरवा. बहुतेक वेळा सावरतं. मिरचीचे तुकडे बारीक होतात, त्याला इलाज नाही.

वर तेल सुटलं: छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे दुधात कालवून घाला, अगदी मंद आचेवर ढवळत राहा. तेल परत आत जातं.

घट्ट झालं: गरम दूध, एका वेळी एक चमचा. पाणी नको. पातळ झालं: पाच मिनिटं थांबा. गार होताना ते घट्ट होतंच. तरीही नाही झालं तर एक मूठ चीज आणखी.

बुडाला लागलं: खरवडू नका, वरचं वर दुसऱ्या भांड्यात ओता आणि चाखून बघा. करपलेला वास उतरला असेल तर कुठलाच मसाला तो झाकत नाही. तेव्हा भेळ.

प्रोसेस्ड चीज नकोच असेल तर

काहींना पूर्ण चेडरचीच चव हवी असते. मग मैदाही नको, लोणीही नको, पण थूनच्या त्या दोघांची युक्ती घरी करावी लागते. सोडियम सायट्रेट विकत मिळतं, आणि ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्व आणि खायचा सोडा यांपासून घरीही होतं. ६ ग्रॅम लिंबूसत्व पाव वाटी पाण्यात विरघळवा. त्यात ८ ग्रॅम सोडा चिमटीचिमटीनं घाला. फसफसून वर येईल, म्हणून भांडं उंच घ्या. फेस पूर्ण थांबेपर्यंत गरम करा. उरलेलं पाणी किंचित खारट लागतं, आंबट नाही आणि सोड्याचंही नाही. यासाठी छोटा वजनकाटा हवाच, अंदाजानं सोडा जास्त पडला तर डिप साबणासारखं लागेल.

यात दीडशे मिली दूध घालून गरम करा, आच बंद करा आणि २५० ग्रॅम किसलेलं चेडर मुठीमुठीनं विरघळवा. मग मिरचीचा मसाला, पण त्यातला टोमॅटो वगळून. इतकं गुळगुळीत होतं की पहिल्यांदा बघताना खरं वाटत नाही. गंमत म्हणजे सोडियम सायट्रेटमध्ये जी मूलद्रव्यं असतात, सोडियम, कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, त्यांची चिन्हं ओळीनं वाचली तर 'एनए, सी, एच, ओ' होतात. म्हणजे नाचो. रसायनशास्त्र शिकणारा भाचा-पुतण्या पाहुण्यांत असेल तर हे त्याला सांगा, तो डिप ढवळायचं काम आनंदानं करतो.

उरलं तर

फ्रीजमध्ये तीन दिवस. फ्रीजरमध्ये ठेवू नका, सुटल्यावर रवाळ होतं. गार डिप वडीसारखं घट्ट बसतं. गरम करताना दोन चमचे दूध घालून, भांडं गरम पाण्यात ठेवून ढवळायचं. पण आमच्याकडे ते गरम होईपर्यंत टिकत नाही. सकाळी तव्यावरून उतरलेल्या थालीपिठाच्या मधल्या भोकाभोवती चमचाभर गार डिप ठेवायचं आणि ते कडेकडेनं पसरायला लागलं की ताट पुढे ओढायचं.